चावरं पिल्लू: काठी उचलायच्या आधी करायची कामं

दिवाळीच्या सुमारास कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू घरी येतं. पोट्टे त्याला कुशीत घेऊन झोपतात. चैत्र लागेपर्यंत ते सात महिन्यांचं होतं, गुडघ्याएवढं वाढतं, आणि एक दिवस शेजारच्या पोराची पोटरी धरतं. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "चावू दे ना, वावर राखायलेच तं आणलं." दुसरा काठी शोधतो. आठ-पंधरा दिवसांनी तिसरा उपाय निघतो: पोत्यात घालायचं आणि लांबच्या शिवारात सोडून यायचं.

हे तिन्ही चुकीचं आहे, आणि घरोघरी याच क्रमानं चुकतं, म्हणून हे लिहितो. पिल्लाला शिकवणं ही खाली दिलेली पाचवी पायरी आहे. लोक तिथूनच सुरुवात करतात, तीही काठीनं. आधीच्या चार पायऱ्या गाळतात आणि मग कुत्रंच खराब निघालं म्हणतात. हा लेख साधारण चार महिने ते दीड वर्ष या वयाच्या पिल्लांसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

## १. पहिल्याच दिवशी: साबण, लस आणि दहा दिवसांची पाळत

पिल्लाचा दात माणसाच्या कातडीत गेला असेल, तर पिल्लाचं काय करायचं ते नंतर बघा. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार मोठी असतात. नळ नसेल तर एकानं लोट्यानं धार धरावी. मग पोव्हिडोन आयोडिन लावा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. रेबीजची लस कातडीत दिली तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ या दिवशी घ्यावी लागते. दंडाच्या स्नायूत दिली तर १४वा दिवसही येतो. रक्त आलं असेल तर जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनचं (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं) वेगळं इंजेक्शन लागतं. ते आपल्या केंद्रात नसेल तर कुठे मिळेल हे तिथेच विचारून लगेच निघा.

तिखट, चुना, हळद, रॉकेल, तेल, बिब्बा यातलं काहीही जखमेवर नको. "आपलंच पिल्लू आहे, लहान आहे" यावरही जाऊ नका. रेबीज पिल्लांनाही होतो आणि त्यांच्याकडून माणसालाही होतो.

चावलेल्या पिल्लाला मारू नका, हाकलू नका. बांधून ठेवा आणि दहा दिवस पाळत ठेवा. माणसाची लस मात्र या दहा दिवसांसाठी थांबवायची नाही.

पिल्लाला तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि मग दरवर्षी एक. कार्ड जपून ठेवा.

इशारा: काल हसतंखेळतं असलेलं पिल्लू आज अचानक कोपऱ्यात लपतं, समोर येईल ते चावतं, आवाज घोगरा झाला, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही, मागचे पाय लटपटतात, असं दिसलं तर पुढचं काही वाचू नका. त्याला कोठ्यात कोंडा आणि पशुवैद्यकांना बोलवा. यात एक चूक फार होते. घशात हाड अडकलं असेल म्हणून माणूस तोंडात हात घालतो. तो हात घालायचा नाही.

## २. चावणं कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा

चावतं म्हणजे रागीट, हे खरं नाही. एकाच पिल्लात दोन-तीन प्रकारचं चावणं असू शकतं, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर उलटतो.

सगळ्यात साधं दातांचं. कुत्र्याला दुधाचे २८ दात असतात. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या सळसळतात. पिल्लू खाटेचा पाय, खराटा, तुराटी, तुमचा अंगठा, सगळं सारख्याच मनानं चावतं. शरीर सैल असतं. हे वयाबरोबर जातं, पण तोवर हात चावायची सवय लावून जाऊ शकतं.

खेळातलं चावणं दिवेलागणीला वाढतं. अंगात आल्यासारखं अंगणात गोल पळतं, पुढचे पाय टेकवून ढुंगण वर करतं, धोतराचा सोगा नाही तर साडीचा पदर धरतं. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडलेली पिल्लं यात जास्त जोरानं चावतात. आपला दात समोरच्याला किती लागतो हे पिल्लू आईच्या अंगावर आणि भावंडांशी भांडताना शिकतं. ते शिक्षण अर्धवट राहिलेलं असतं. पुढच्या वेळी पिल्लू आणाल तेव्हा आठ आठवडे थांबा.

बकरीच्या, सायकलच्या किंवा पळणाऱ्या पोराच्या मागे लागून टाच धरणं हे पाठलागाचं. समोरची गोष्ट थांबली की तेही थांबतं.

भीतीचं चावणं ओळखायला अवघड, आणि रागीट म्हणून मार खातात ती बहुतेक यातलीच. पिल्लू आधी जीभ ओठांवरून फिरवतं, झोप नसताना जांभई देतं, मान वळवून डोळ्याचं पांढरं दाखवतं, शेपूट पोटाखाली घेतं, अंग लाकडासारखं करतं. मग गुरगुरतं. एवढं सांगूनही माणूस पुढे आला तर चावतं. समोरून भुंकतं पण माणसाची पाठ फिरली की पोटरी धरतं, ते कुत्रं शूर नाही, घाबरलेलं आहे.

राखणीचं चावणं म्हणजे ताटली, हाड, कोंबडीचं पाऊल किंवा गाईची वार तोंडात असताना जवळ गेलं की अंगावर येणं.

शेवटचं दुखण्याचं. एरवी चांगलं, पण ठरावीक जागी हात लागला की चावतं.

आता हे करा: चार दिवस एका वहीत लिहा. किती वाजता, कोणाला, पिल्लू बांधलेलं होतं की मोकळं, तोंडात किंवा समोर काय होतं, चावण्याआधी गुरगुरलं का. सहा-सात नोंदी झाल्या की घोळ कुठे आहे ते दिसतं. बहुतेक घरी सगळ्या नोंदी एकाच जागेच्या किंवा एकाच वेळेच्या निघतात.

## ३. अंग तपासा

पहिल्यांदा गळ्यातलं बघा. दोन महिन्यांचं असताना बांधलेली सुतळी किंवा नाडा सहाव्या महिन्यात मांसात रुतलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. वरून केसांमुळे दिसत नाही, वास आला की कळतं. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पिल्लू वाढतं तोवर दर पंधरा दिवसांनी बघायचं.

मग कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली. गोचीड इथे बसतात. गोचिडांमुळे तापही येतो, आणि तापानं फणफणलेलं पिल्लू हात लावू देत नाही.

इशारा: कपाशीवर फवारायचं औषध किंवा बैलांचं गोचिडाचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून पिल्लाला चोपडू नका. ते अंग चाटतं आणि विष पोटात जातं. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळीही देऊ नका.

जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, नंतर दर तीन महिन्यांनी. नुसत्या शिळ्या पोळीवर किंवा ज्वारीच्या भाकरीवर वाढणारं पिल्लू कायम भुकेलं राहतं, आणि भुकेलं पिल्लू ताटलीवर जास्त भांडतं. दिवसाआड एक उकडलेलं अंडं किंवा कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे घाला. शिजवलेलं हाड नको, ते फुटून आतड्यात टोचतं. मादी असेल तर सहा महिन्यांनंतर ती माजावर येऊ शकते. त्या दिवसांत चिडचीड वाढते आणि गावभरचे कुत्रे दारात जमतात, त्यामुळे भांडणंही वाढतात.

वहीत दुखण्याच्या नोंदी असतील तर पायरी चारवर जाऊ नका. आधी पशुवैद्यकीय दवाखाना. तिथवर नेणं जमत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करा.

## ४. साखळी, सावली, झोप

या पायरीवर थोडं रेंगाळतो, कारण माझी स्वतःची चूक इथली आहे.

पाच महिन्यांच्या पिल्लाला मी कोठ्याच्या दारात तीन फुटांच्या साखळीनं बांधलं होतं. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या हातभर अंतरावरून जायचा. "बांधलं की कडक होते," असं वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं. माघातली शेवटची वेचणी होती. वेचणाऱ्या बाया गाठोडी घेऊन कोठ्याकडे आल्या. एकीनं लांबूनच विचारलं, "भाऊ, कुत्रं बांधलं हाये ना?" मी हो म्हणालो. बांधलेलंच होतं, पण वाटेवर. त्यानं तिची पोटरी धरली. वर कोणीतरी जखमेवर तिखट दाबलं आणि मी ते दाबू दिलं. नंतर दवाखाना केला, सगळ्या लसी घेतल्या, ती बरी झाली. पण पुढच्या हंगामात ती आमच्या वावरात आली नाही.

आखूड साखळीला बांधलेलं पिल्लू पळू शकत नाही. भीती वाटली तर त्याच्याजवळ दात एवढाच उपाय उरतो, आणि रोज वीस वेळा तो वापरायची वेळ आपणच आणतो. कडकपणा म्हणतात तो असा तयार होतो. असं कुत्रं रानडुकरावर जात नाही, बाईच्या पोटरीवर जातं. राखणीच्या कुत्र्याचं काम भुंकून जागं करणं एवढंच आहे. कुत्रं कडक व्हावं म्हणून मिरची चारणं, अंधारात कोंडणं, कान कापणं यातून फक्त भित्रं कुत्रं मिळतं. आणि पाळलेल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

जागा अशी बसवा:

जाण्यायेण्याच्या वाटेपासून, पाण्याच्या टाक्यापासून आणि पोरं खेळतात तिथून दूर. दोन खांबांमध्ये डोक्याच्या उंचीवर जाड तार ताणा, तारेत कडी घाला आणि कडीला साखळी. पिल्लाला दहा-पंधरा फूट ये-जा करता येते. साखळीत फिरती कडी हवी, नाही तर पीळ बसून गळा आवळतो. जवळ भिंत किंवा कुंपण नको. पिल्लू त्यावरून उडी मारून लटकतं आणि फास बसतो.

दिवसातून दोनदा दोरीला धरून फिरवा, निदान वीस-पंचवीस मिनिटं. कुत्रं कायम साखळीला ठेवून त्याला पुरेसं न फिरवणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसत नाही. आपल्याकडे वैशाखात आणि नवतपात फिरणं सूर्य उगवायच्या आधी आणि दिवस बुडाल्यावर जमीन निवाल्यावरच. हाताचा उलटा पंजा मातीवर पाच सेकंद ठेवा. तुम्हाला सोसलं नाही तर त्यालाही सोसणार नाही.

झोप लोक विसरतात. सहा महिन्यांचं पिल्लू दिवसरात्र मिळून साधारण १५-१६ तास झोपतं. पोट्ट्यांनी दिवसभर जागं ठेवलेलं पिल्लू संध्याकाळी चावतं, जसं झोप न झालेलं लेकरू किरकिर करतं. दुपारी दोन-तीन तास त्याच्याकडे कोणीही जायचं नाही. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत.

तपासा: ही मांडणी करून दहा दिवस थांबा आणि वही पुन्हा बघा. नोंदी निम्म्यावर आल्या असतील तर नवल वाटून घेऊ नका. तुम्ही अजून पिल्लाला काही शिकवलेलं नाही.

## ५. दात लावला की काय करायचं

हे फक्त दातांच्या आणि खेळातल्या चावण्यासाठी. भीतीच्या चावण्याला पायरी सात.

१. हात ओढू नका. ओढलेला हात पळणाऱ्या सशासारखा असतो, पिल्लू जास्त घट्ट धरतं. हात ढिला आणि स्थिर ठेवा.

२. ओरडू नका. कोरड्या आवाजात एकच शब्द म्हणा, "नाही" किंवा "सोड". घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा. आजी "हाड" म्हणते, पोरगा "नो" म्हणतो, बाप काहीच न म्हणता लाथ मारतो, यातून पिल्लाला काही कळत नाही.

३. सोडलं की उठून उभे राहा, पाठ करा, वीस-तीस सेकंद त्याच्याकडे बघूही नका. खेळ बंद. त्याच्यासाठी शिक्षा एवढीच.

४. परत शांत आलं की चावायला योग्य वस्तू द्या. जुन्या सुती धोतराची जाड गाठ पाण्यात भिजवून माठाखालच्या ओल्या रेतीवर फडक्यात गुंडाळून गार करा. हिरड्यांना तिच्यानं बरं वाटतं. गाजरही चालतं. जुनी चप्पल देऊ नका, जुनी आणि नवी यातला फरक त्याला कळत नाही. नायलॉनची दोरी नको, धागे गिळतं.

५. चार पाय जमिनीवर आणि तोंड बंद असेल तेव्हाच कुरवाळा.

पहिले पाच-सहा दिवस चावणं वाढेल. आजवर चालत होतं ते आता का चालत नाही म्हणून ते जोर लावून बघतं. नेमके याच दिवशी लोक म्हणतात, "याचा काही फायदा नाही," आणि काठी घेतात. या आठवड्यात टिकलात तर पुढे सोपं आहे.

चूक: नाकावर टिचकी, तोंड हातानं दाबणं, पाठीवर उताणं पाडून दाबणं. खेळातलं चावणं भीतीच्या चावण्यात बदलायचा हा सगळ्यात जलद रस्ता आहे.

पोरांसाठी वेगळा नियम: पिल्लू अंगावर आलं की "झाड व्हायचं". उभं राहायचं, हात छातीशी, नजर आपल्या पायांकडे, तोंडातून आवाज नाही. दोन-तीन वेळा खेळ म्हणून सराव घ्या. तरी लहान लेकराला आणि या वयाच्या पिल्लाला एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंही नाही.

## ६. ताटली आणि हाड

ताटलीत हात घालून "सवय" लावणारे बरेच असतात. पिल्लू त्यातून एवढंच शिकतं की माणूस जवळ आला की जेवण जातं.

उलट करा. ते जेवत असताना सहा-सात फुटांवरून जा, जाताजाता अंड्याचा तुकडा ताटलीकडे टाका आणि न थांबता निघून जा. तीन-चार दिवसांनी एक पाऊल जवळून. अंग कडक झालं किंवा घाईघाईनं गिळू लागलं तर एक पाऊल मागे. तोंडातलं हाड काढायचं असेल तर हिसकायचं नाही, चांगली वस्तू दाखवून अदलाबदल करायची. दोन कुत्री असतील तर ताटल्या दोन आणि एकमेकांना दिसणार नाहीत अशा. चाऱ्याच्या गंजीच्या दोन बाजू चालतात.

## ७. अनोळखी माणसं, आणि मुसकं

वेचणी किंवा सोयाबीनची कापणी सुरू व्हायच्या महिनाभर आधी हे काम घ्या, ऐन हंगामात नाही.

कोणी अनोळखी किती लांबून दिसलं की पिल्लू बघतं पण भुंकत नाही, ते अंतर मोजा. समजा तीस पावलं. त्या अंतरावर पिल्लाला दोरीला धरून उभे राहा. माणूस दिसला की एक तुकडा. माणूस गेला की तुकडे बंद. पाच मिनिटांत घरी परत. दोन-तीन दिवसांनी दोन पावलं कमी. भुंकलं तर तुम्ही घाई केली, मागे जा. पाहुण्यांना सांगून ठेवा: डोक्यावर हात फिरवायचा नाही, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, ते आपणहून वास घ्यायला आलं तर येऊ द्यायचं.

गुरगुरलं म्हणून मारू नका. गुरगुरणं ही शिवी नाही, सूचना आहे. मारून ती बंद केलीत तर कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. गुरगुरलं की माणसाला मागे घ्या, पिल्लाला बाजूला न्या, आणि वहीत लिहा.

दवाखान्यात नेताना किंवा वावरात बाया असताना मुसकं चालतं. पण डवरणीच्या बैलाचं सुतळीचं मुसकं किंवा तोंडाला बांधलेलं फडकं नको. कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंग गार करतं, तोंड बंद केलं तर आपल्या उन्हात थोड्या वेळात उष्माघात होतो. तोंड आत उघडता येईल आणि पाणी पिता येईल असं जाळीचं मुसकं घ्या. पहिले चार दिवस त्यात नुसता खाऊ ठेवा, बांधू नका. पिल्लू स्वतःहून तोंड घालायला लागलं की मग बांधा, आधी एक मिनिट, मग पाच.

## दोन महिने करूनही थांबलं नाही तर

काही पिल्लांना घरच्या उपायानं पुरत नाही. एकाच वेळी अनेकदा चावणं, खोल जखमा, लहान लेकरावर जाणं, काहीच सूचना न देता चावणं, यातलं काही असेल तर दोन महिनेही थांबू नका, लगेच पशुवैद्यकांना दाखवा. नसबंदीचं विचारा. नराचं भटकणं आणि इतर नरांशी भांडणं त्यानं बऱ्याचदा कमी होतं, मादीच्या मागे येणारी फौज थांबते. पण भीतीतून चावणारं पिल्लू नसबंदीनं सुधारेल ही अपेक्षा ठेवू नका.

लांबच्या शिवारात सोडून येणं हा उपाय यात कुठेच बसत नाही. ते भुकेलं, घाबरलेलं कुत्रं तिथल्या कोणाच्या तरी पोराला चावणार, आणि त्याला लस दिली होती की नाही हे तिथे कोणालाच ठाऊक नसणार.

डॉक्टरांकडे जाताना लसीचं कार्ड आणि ती वही न्या. डॉक्टर हमखास विचारतील की चावण्याआधी गुरगुरलं होतं का, आणि घरातले तिघं तीन उत्तरं देतील. म्हणून वहीत त्याचा रकाना पहिल्या दिवसापासूनच आखा.